जंगल उतरवणारी गाडी

६ जुलै २०२४ रोजी तैवानमधल्या चिआयी शहरातून निघालेली एक छोटी गाडी अलीशानच्या डोंगरावर शेवटपर्यंत पोहोचली. बातमी एवढीच होती, पण ती घडायला पंधरा वर्षं लागली. ऑगस्ट २००९ मध्ये मोराकोत वादळानं अलीशानवर चार-पाच दिवसांत अडीच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस ओतला. महाबळेश्वरला अख्ख्या पावसाळ्यात पडतो त्याच्या हा निम्म्याच्या आसपास झाला. डोंगर जागोजागी घसरला, रुळांखालची माती वाहून गेली. दुरुस्ती चालू असताना २०१५ मध्ये आणखी एका वादळानं बेचाळीस क्रमांकाचा बोगदा निकामी केला. शेवटी डोंगराच्या पोटातून सुमारे १.१ किलोमीटरचा नवा बोगदा काढला, तेव्हा कुठे वरचा आणि खालचा तुकडा जोडला गेला.

आणि हे सगळं कशासाठी? अलीशानला जायला १९८२ पासून डांबरी रस्ता आहे. बसनं माणूस गाडीच्या निम्म्या वेळात वर पोहोचतो. ज्या कामासाठी ही रेल्वे बांधली ते काम, म्हणजे लाकूडतोड, कधीच थांबलेलं आहे. कुणाचंही पोट या गाडीशिवाय अडत नाही. मग एखाद्या सरकारनं जनतेचे पैसे आणि इंजिनियरांची दीड दशकं अशा गाडीवर घालावीत का?

माझं उत्तर हो असं आहे. मात्र त्यासाठी जी कारणं सर्रास दिली जातात, पर्यटन वाढतं, अभियांत्रिकीचा चमत्कार आहे, पोरांना मजा येते, ती सगळी मला तकलादू वाटतात. पर्यटनच वाढवायचं तर रोप-वे बांधा, स्वस्त पडेल. अलीशानची गाडी टिकवायची ती ती पुरावा आहे म्हणून. आणि पुरावा म्हणून टिकवायची तर तो अर्धामुर्धा ठेवून चालत नाही.

जपाननं १८९५ मध्ये तैवान घेतलं तेव्हा बेटाच्या मधल्या डोंगररांगांत काय आहे याची त्यांना नीट कल्पना नव्हती. काही वर्षांत पाहणी करणाऱ्यांनी अलीशानची बातमी आणली. दोन हजार मीटरच्या वर लाल सरू आणि हिनोकीचं जंगल होतं, एकेक झाड हजार-दोन हजार वर्षांचं. हिनोकी म्हणजे जपानी देवळांचं लाकूड. पिवळसर, सरळ रेषांचं, सुगंधी आणि शतकानुशतकं न किडणारं. जपानात तेवढ्या जाडीची झाडं दुर्मिळ होत चालली होती आणि इथे डोंगर भरून उभी होती. कावाई शितारो हे वनशास्त्राचे अभ्यासक योजनेचे मार्गदर्शक झाले. १९०६ मध्ये फुजिता-गुमी या खासगी उद्योगानं रूळ टाकायला घेतले. दोन वर्षांत त्यांना हिशेब कळला, खर्च झेपेना, आणि १९०८ मध्ये त्यांनी काम सोडलं. १९१० मध्ये वसाहतीच्या सरकारनंच ते हाती घेतलं. १९१२ च्या डिसेंबरात गाडी अरवानपिंगपर्यंत पोहोचली आणि १९१४ पर्यंत खुद्द अलीशानला.

यातला एक तपशील सहज हातातून निसटतो. खासगी उद्योगाला न परवडलेली ही रेल्वे सरकारनं बांधली, कारण जंगल सरकारनं आपलं म्हणून जाहीर करून टाकलेलं होतं. फुकटचा माल असला की वाहतुकीवर कितीही खर्च करता येतो.

आता ती रेल्वे बघा. रूळ अडीच फुटी, म्हणजे आपल्याकडे बार्शी लाइट आणि शकुंतला ज्या गेजवर धावायच्या तेच. चिआयी स्थानक समुद्रसपाटीपासून ३० मीटरवर आणि अलीशान २,२१६ मीटरवर. ही चढाई सुमारे ७१ किलोमीटरमध्ये करायची. चढण काही ठिकाणी सोळाला एक, म्हणजे सोळा मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. तुलनेसाठी सांगतो, आपल्या बोरघाटातली सर्वांत तीव्र चढण सदतीसला एक आहे आणि तिथेही मागून बँकर इंजिनं लावावी लागतात. माथेरान वीसला एक आहे. पण माथेरानच्या गाडीला वरून ओंडके आणायचे नव्हते.

तुलीशान नावाच्या एका डोंगराशी तर मार्गानं हात टेकले. तिथे गाडी त्या एकाच डोंगराभोवती तीन वेळा गोल फिरत, मग इंग्रजी आठच्या आकड्यासारखं वळण घेत वर चढते. पायथ्याच्या त्या स्थानकाचं नाव चांगनाओल्याओ, म्हणजे कापूर काढणाऱ्यांच्या झोपड्या. सरूच्या आधी या डोंगरउतारांवरून कापूर गेला होता, हे नावातच राहून गेलंय. आणखी वर गेल्यावर गोल फिरायलाही जागा उरत नाही. मग गाडी कड्याला भिडेपर्यंत पुढे जाते, सांधा बदलला जातो, आणि उलटी वरच्या रुळावर चढते. पुन्हा कडा, पुन्हा उलट. बोरघाटात १९२९ पर्यंत खंडाळ्याखाली असंच रिव्हर्सिंग स्टेशन होतं, त्यामुळे जुन्या मुंबई-पुणेकरांना ही कल्पना नवी नाही. अलीशानला आजही गाडी अशीच जाते. आणि चढताना इंजिन पुढे नसतं, खालच्या बाजूला असतं, कारण साखळी तुटली तर डबे मोकाट सुटून दरीत जाऊ नयेत.

या चढणीवर नेहमीचं वाफेचं इंजिन चाललं नसतं. त्यासाठी अमेरिकेतून शे इंजिनं मागवली गेली, वेगवेगळ्या वर्षांत मिळून वीस. मिशिगनमधल्या इफ्राइम शे या लाकूडतोड्या व्यापाऱ्यानं ही रचना काढली. थंडीत बर्फावरून ओंडके ओढायचे आणि बाकी वर्षभर हात बांधून बसायचं, याला तो कंटाळला होता. १८८१ मध्ये त्याला पेटंट मिळालं आणि ओहायोतल्या लायमा शहरातल्या कारखान्यानं ही इंजिनं घाऊक बनवली. शे इंजिन समोरून पाहिलं तर आधी वाटतं, हे वाकडं आहे. बॉयलर डाव्या अंगाला सरकवलेला असतो, कारण उजव्या बाजूला सिलिंडर उभे ठोकलेले असतात आणि त्यांचा तोल सांभाळायचा असतो. दांडे चाकांना ढकलत नाहीत. सिलिंडर एक लांब आडवा शाफ्ट फिरवतात, तो इंजिनाच्या उजव्या कडेनं पुढून मागे जातो, आणि दातेरी चाकांमधून प्रत्येक आसाला फिरवतो. एकही चाक नुसतं ओझं वाहणारं नाही, सगळी ओढणारी. शाफ्टला जागोजागी सांधे असल्यामुळे तीव्र वळणावरही दाते सुटत नाहीत. वेग बैलगाडीहून थोडा बरा, आवाज मात्र एक्स्प्रेस धावत असल्यासारखा. ज्या कुणाला यंत्रांची आवड आहे त्याला हे इंजिन बघत बसावंसं वाटणारच. मलाही वाटतं.

गोम इथेच आहे. या गाडीचा इतिहास सांगणारी बहुतेक माणसं याच जागी येऊन थांबतात. गोल फिरणारा डोंगर, उलटी जाणारी गाडी, वाकडं इंजिन. इथून पुढचा हिशेब, म्हणजे गाडी रिकामी वर जायची आणि भरून खाली यायची तेव्हा तिच्यावर काय असायचं, ते पाटीवर एका ओळीत उरकलं जातं.

खाली चिआयीच्या पेइमेन स्थानकापाशी ओंडके मोठ्या तळ्यात सोडायचे. पाण्यात ठेवलं की लाकूड तडकत नाही आणि निवडायलाही सोपं. शेजारी अमेरिकन यंत्रांनी सजलेली सॉ मिल होती, त्या काळी पूर्व आशियातल्या सर्वांत मोठ्या गिरण्यांपैकी एक. शहर लाकडावर वाढलं. टोकियोत मेइजी सम्राटाचं देऊळ १९२० मध्ये उभं राहिलं तेव्हा त्याचं महाद्वार अलीशानच्या सरूतून घडवलं होतं. १९६६ मध्ये त्यावर वीज पडली. त्याच्या जागी १९७५ मध्ये जे उभं केलं, आणि आज जे लाखो लोक पाहतात, तेही तैवानमधल्याच एका दीड हजार वर्षांच्या झाडाचं आहे.

ही दुसरी तारीख लक्षात घ्यावी अशी आहे. १९७५ मध्ये जपानी सत्ता तैवानमधून जाऊन तीस वर्षं झाली होती. नारामधल्या याकुशीजी मंदिराचं मुख्य दालन १९७६ मध्ये नव्यानं बांधलं गेलं, तेही तैवानच्या हिनोकीचंच. परकीयांनी लुटलं आणि आपल्यांनी वाचवलं अशी सोयीची मांडणी इथे करता येत नाही. १९४५ नंतर आलेल्या चिनी राष्ट्रवादी सरकारनं त्याच रुळांवर, त्याच इंजिनांमागे तेच लाकूड उतरवलं, कारण परकीय चलन हवं होतं. नैसर्गिक जंगलांच्या तोडीवर तैवानमध्ये पूर्ण बंदी आली ती १९९१ मध्ये, लोकांनी रस्त्यावर येऊन आग्रह धरल्यानंतर. आपल्यालाही ही गोष्ट ओळखीची वाटायला हरकत नाही. ब्रिटिशांच्या १९२७ च्या वन कायद्यावरच स्वतंत्र भारताचं वनखातं दशकानुदशकं चालत राहिलं.

अलीशानला एक दगडी मनोरा आहे. तो वनखात्यानं १९३५ मध्ये बांधला, तोडलेल्या झाडांच्या आत्म्यांना शांती मिळावी म्हणून. पायथ्याशी दगडात वर्तुळं कोरली आहेत, झाडाच्या वयाची वलयं असतात तशी. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा त्यातल्या हळव्या भाबडेपणाचं कौतुक वाटलं होतं. पण नंतर लक्षात येतं की मनोरा बांधल्यावर तोड थांबली नाही. श्राद्ध घातलं आणि काम पुढे चालू. कावाई यांनीही पुढे अलीशानला पुन्हा भेट दिल्यावर हजार वर्षांची झाडं कुऱ्हाडीनं संपवल्याबद्दल शोक करणारी कविता लिहिली. तरी त्यांच्या कार्याच्या गौरवाचा दगड तिथे उभा आहेच. योजना आखणाऱ्याचं दुःखही खरं असू शकतं, पण त्यानं हिशेब चुकता होत नाही.

याहून बोलका प्रकार पवित्र वृक्षाचा. अलीशानचा सुमारे तीन हजार वर्षांचा एक महाकाय लाल सरू रेल्वेच्या अगदी लगत होता, आणि तो तेवढा तोडला नाही, पूजनीय ठरवला. छायाचित्रात त्याच्यापुढे उभी गाडी खेळण्यातली दिसते. १९५० च्या दशकात त्यावर वीज पडली आणि तो मेला. मग वनखात्यानं काय करावं? त्याच्या शेंड्यावर सरूची रोपं लावली, म्हणजे खालून पाहणाऱ्याला झाड हिरवं, जिवंत वाटावं! कित्येक वर्षं लोक ते बघून, हात जोडून, फोटो काढून परत गेले. १९९७ च्या पावसात त्याचा निम्मा भाग कोसळला आणि १९९८ मध्ये उरलेला धोकादायक बुंधा आडवा करावा लागला. तो आजही स्थानकाशेजारी पडून आहे.

हेरिटेज नावाखाली जे चालतं त्याचा मोठा भाग या शेंड्यावरच्या रोपांसारखाच आहे, असं माझं मत आहे. अलीशानला आज गेलेला पर्यटक धुक्यातल्या उंच, सरळसोट झाडांमधून जाणाऱ्या गाडीचा फोटो काढतो आणि खाली लिहितो, आदिम अरण्य. ती झाडं बहुतांशी सुगी नावाच्या जपानी जातीची आहेत, मूळ जंगल कापून झाल्यावर रांगेनं लावलेली. आदिम जे होतं त्याचे बुंधे त्यांच्या मधेमधे आहेत. त्या बुंध्यांनाही नावं ठेवून झाली आहेत. एकाचा आकार हत्तीच्या सोंडेसारखा म्हणून त्याचं तसं नाव, एक डुकरासारखा, एकातून बदामाचा आकार दिसतो म्हणून त्याच्यापुढे जोडपी उभी राहून फोटो काढतात. जोडप्यांना दोष नाही. त्यांना कुणी सांगितलंच नाही की ते कशापुढे उभे आहेत. त्या बुंध्याचा घेर किती, झाड किती वर्षांचं होतं, कुणी कापलं, लाकूड कुठे गेलं, एवढं एका पाटीवर लिहिलं तरी फोटो काढायला कुणाची आडकाठी नाही. उलट तो फोटो जास्त दिवस लक्षात राहील.

आणि माणसं? हा डोंगर रिकामा नव्हता. अलीशानचा परिसर त्सोऊ लोकांचा, त्यांच्या शिकारीच्या वाटा आणि नद्यांचे हक्क या खोऱ्यांत ठरलेले होते. आज त्यांची लोकसंख्या जेमतेम सहा-सात हजार. त्यांच्याबद्दल शाळेत काय शिकवलं जायचं ते ऐका. वू फेंग नावाचा अठराव्या शतकातला एक चिनी दुभाषा होता. त्सोऊंनी मुंडकी मारायची सोडावीत म्हणून त्यानं स्वतःचा बळी दिला आणि मग त्या रानटी लोकांना उपरती झाली, अशी ही गोष्ट. जपानी राजवटीनं ती पाठ्यपुस्तकात घातली, कारण डोंगर ताब्यात घ्यायला निघालेल्या सत्तेला ती सोयीची होती. पुढच्या सरकारनंही तशीच ठेवली. अलीशानच्या तालुक्यालाच वू फेंगचं नाव होतं. त्सोऊंना स्वायत्तता हवी म्हणणारा त्यांचा नेता उयोंगू यातौयुंगाना, जो शिक्षक आणि संगीतकारही होता, त्याला १९५४ मध्ये गोळ्या घालण्यात आल्या. १९८८ च्या शेवटच्या दिवशी आदिवासी तरुणांनी चिआयी स्थानकासमोरचा वू फेंगचा पुतळा पाडला. पुढच्या वर्षी धडा पुस्तकातून गेला आणि तालुक्याचं नाव अलीशान झालं. तैवानच्या राष्ट्राध्यक्ष त्साई इंग-वेन यांनी २०१६ मध्ये आदिवासींची सरकारतर्फे जाहीर माफी मागितली.

हे रेल्वेच्या इतिहासात कशाला, असं विचारणारे भेटतात. पण रूळ, पाठ्यपुस्तक आणि पोलीस चौकी ही एकाच कामाची अवजारं होती. डोंगरावरची माणसं रानटी ठरली की डोंगर बेवारस ठरतो, आणि बेवारस डोंगरावरचं लाकूड सरकारी.

इथे दोन आक्षेप येतात, आणि दोन्ही गंभीर आहेत. पहिला असा की, एवढा काळा इतिहास असेल तर ही गाडी चालवायचीच कशाला? रूळ उखडा, डोंगराला विश्रांती द्या. तैवानमध्येही पर्यावरणवाद्यांपैकी काहींचा कल डोंगरावरची गर्दी कमी करण्याकडे आहे आणि त्यात तथ्य आहे. शिवाय हा डोंगर गाडीला सुखासुखी चालू देत नाही. २००३ मध्ये इंजिन आणि डब्यांमधली ब्रेकची झडप बंद राहिली, गाडी उतारावर सुटली आणि सतरा माणसं गेली. २०११ मध्ये रुळांलगतच्या झाडाची मोठी फांदी चालत्या गाडीवर कोसळून पाच पर्यटक मेले. तरीही रूळ उखडण्याला माझा विरोध आहे, आणि त्याचं कारण मला केरळमध्ये सापडतं.

कोचीन संस्थानानं विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात परंबिकुलमच्या डोंगरातून चालकुडीपर्यंत सुमारे ८० किलोमीटरची मीटर गेज फॉरेस्ट ट्रामवे बांधली. अलीशानचीच समकालीन. तिथे तीव्र उतारांवर तर इंजिनच नव्हतं. सागवान आणि शिसवीनं भरलेल्या वाघिणी आपल्या वजनानं खाली उतरायच्या आणि त्याच दोराच्या दुसऱ्या टोकाला बांधलेल्या रिकाम्या वाघिणी वर खेचल्या जायच्या. म्हणजे जंगलच आपल्या वजनानं पुढच्या फेरीची वाघीण वर आणत होतं. ही रेल्वे तोट्यात म्हणून स्वातंत्र्यानंतर बंद झाली आणि लोखंड मोडीत गेलं. आज परंबिकुलम व्याघ्र प्रकल्प आहे, तुरळक अवशेष सोडले तर तिथे काही शिल्लक नाही. पर्यटक कन्निमारा नावाचा प्रचंड साग बघायला जातात आणि मार्गदर्शक त्याचा घेर सांगतो. असे साग एकेकाळी किती होते हा प्रश्न कुणाला सुचत नाही, कारण सुचवणारी वस्तूच जागेवर नाही. तिथले कादर आदिवासी आपल्या हक्कांसाठी वनखात्याशी भांडतात तेव्हा शहरी माणसाला वाटतं, हे लोक वाघांच्या राखीव जागेत कुठून आले? रूळ उखडल्यानं डोंगराला विश्रांती मिळाली असेल, पण खात्यालाही विस्मरणाची सोय झाली.

दुसरा आक्षेप व्यवहारी आहे. ठेवायची तर ठेवा, पण सरकारनं का चालवावी, खासगी चालकाला द्या, तो नफ्यात आणेल. हा प्रयोग अलीशाननं करून पाहिलाय. २००८ मध्ये रेल्वे एका खासगी कंपनीकडे सोपवली, सोबत डोंगरावरच्या हॉटेलचं गाजर होतं. वर्षभरात मोराकोत आलं. कोट्यवधींची दुरुस्ती कुणी करायची यावर वाद झाला आणि २०१० मध्ये करार मोडला. गाडी पुन्हा सरकारच्या गळ्यात. यात कंपनीलाही फार दोष देता येणार नाही, दरड कोसळली की नफ्याचं गणित कोसळणारच. १९०८ मध्ये फुजिता-गुमीचं जे झालं तेच शंभर वर्षांनी पुन्हा झालं. असा डोंगर कुणाच्या ताळेबंदात बसत नाही. माथेरानची गाडी २०१९ च्या अतिवृष्टीनंतर तीन वर्षं नेरळहून वर जाऊ शकली नव्हती. ती रेल्वेच्या हाती होती म्हणून २०२२ मध्ये सुरू झाली. ठेकेदाराकडे असती तर आज तिथे मॉल रोडवर तिच्या इंजिनाचा सेल्फी पॉइंट असता.

मात्र सरकारी मालकीची एक बाजू अलीशानला फार महत्त्वाची आहे, आणि ती जवळजवळ योगायोगानं घडलीये. ही रेल्वे तैवानच्या रेल्वे खात्याची नाही, वनखात्याची आहे. मधली काही वर्षं रेल्वेनं ती चालवली, पण २०१८ मध्ये वनखात्याच्या अखत्यारीत अलीशान वन रेल्वे आणि सांस्कृतिक वारसा कार्यालय सुरू झालं. म्हणजे ज्या खात्याच्या पूर्वजांनी झाडं कापली, तेच आज गाडी चालवतं आणि जंगलही राखतं. या खात्याला झाडांबद्दल विचारलं तर ते रेल्वेकडे बोट दाखवू शकत नाही आणि रेल्वेबद्दल विचारलं तर जंगलाकडे. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियामध्ये कॅसची लाकूडवाहू रेल्वे गिरणी बंद पडल्यावर राज्यानं विकत घेतली आणि १९६३ पासून तिथे पर्यटक शे इंजिनामागे बसून डोंगर चढतात. इंजिनं तिथे अलीशानपेक्षाही छान राखलेली आहेत. पण तोड करणारी कागद कंपनी कथेतून बाहेर पडली ती पडलीच. मालक बदलला की उत्तरदायित्वाचा धागाही तुटतो.

आता आपल्या दाराशी या. बिलीमोरा ते वघई ही ६३ किलोमीटरची अडीच फुटी रेल्वे बडोद्याच्या गायकवाडांनी १९१३ च्या सुमारास सुरू केली. गणदेवी, अनावल, उनाई करत ती डांगच्या तोंडाशी, वघईला संपते. संपते तिथे का, तर पुढे डांगचं सागवान सुरू होतं. ते जंगल ब्रिटिशांनी १८४० च्या दशकात भिल्ल राजांकडून भाडेपट्ट्यानं घेतलं होतं. मुंबईच्या गोदीला जहाजांसाठी साग हवा होता आणि पुढे रेल्वेला स्लीपर. भाडेपट्टा कसला, तो कधी संपलाच नाही. त्या राजांच्या वारसांना आहव्याला दरवर्षी डांग दरबारात आजही सरकारी पेन्शन दिलं जातं, वाजतगाजत, बग्गीतून मिरवणूक काढून. सोहळ्याला पुढारी येतात. कशाच्या बदल्यात हे पेन्शन, हे भाषणात सहसा येत नाही. मराठी वाचकाला डांग १९६० च्या सीमावादामुळे आठवतो, डांग महाराष्ट्रात की गुजरातेत यावर किती शाई सांडली! त्या शाईतला थेंबभर तरी सागवानाच्या हिशेबासाठी हवा होता.

२०२० मध्ये ही गाडी तोट्यात म्हणून बंद करायच्या यादीत गेली होती. लोकांनी आरडाओरडा केला, २०२१ मध्ये ती पुन्हा सुरू झाली, पर्यटकांसाठी वातानुकूलित डबाही लागला. चांगलं झालं. आता तिला हेरिटेज म्हणून सजवायचे बेत अधूनमधून कानावर येतात, आणि त्या बेतांत काय असेल हे सांगायला ज्योतिषी नको. स्थानकाला वारली चित्रं, इंजिनाला रंग, फलाटावर नागलीच्या पापडांचा स्टॉल, वघईच्या बोटॅनिकल गार्डनची सहल. पापडांना विरोध नाही, डांगी बायांच्या हाती चार पैसे येत असतील तर उत्तमच. पण त्याच स्थानकाच्या एखाद्या बंद गोदामात, वघईहून कुठल्या वर्षी किती घनफूट साग चढवला गेला, याच्या नोंदी रेल्वे आणि वनखात्याच्या दप्तरांतून काढून लावाव्यात. शेजारी भाडेपट्ट्याच्या अटी आणि दरबारात कुठल्या राजाच्या वारसाला आज किती रुपये मिळतात तो तक्ता लावावा. मजकूर डांगी, गुजराती आणि मराठीत असावा, आणि तो लिहिणाऱ्या समितीत डांगमधली माणसं निम्म्याहून कमी नसावीत.

ही मागणी घेऊन गेलात तर काय होईल तेही सांगतो. रेल्वेवाले म्हणतील, आम्ही फक्त भाडं घेऊन माल वाहिला, जंगलाचं वनखात्याला विचारा. वनखातं म्हणेल, गाडी आमची नाही. बडोदा संस्थान तर राहिलेलंच नाही. अलीशानला एकाच खात्याच्या दारात उभं राहून भांडता येतं, इथे तीन दारं आहेत आणि तिन्ही बंद. म्हणून पापडांच्या स्टॉलचं टेंडर निघायच्या आत, दोन्ही खात्यांनी मिळून या रेल्वेची आणि तिच्या कागदपत्रांची जबाबदारी घ्यायचा लेखी करार आधी व्हायला हवा. रंगकाम नंतर केलं तरी चालेल.